सुलेमानचं दार

उपकारस्तुतीची प्रार्थना चार वाजता होती, आणि दुपारचे साडेबारा वाजले तरी शलमोन खोलीतून बाहेर आला नव्हता.

दीनानं दोनदा चहा नेला आणि दोन्हीदा साय धरलेला परत आणला. स्वयंपाकघरात तिची नणंद सत्यशीला कांद्याच्या ढिगापुढं पाट टाकून बसली होती. राहुरीकडून सकाळच्या एसटीनं आलेली, आल्यापासून विळी सोडलेली नाही. वडिलांच्या, बापूंच्या, दफनाच्या वेळी झालेल्या भांडणानंतर ती प्रथमच या घरात मुक्कामाला राहणार होती, म्हणून दीना शब्द जपून वापरत होती.

"उठला न्हाई का अजून?"

"उठलेत, अक्का. बसलेत."

"मग बाहेर यायला काय झालं त्याला? चाळीस मानसं येनारेत. पाळकसाहेब येनारेत. माझा जॉय साक्ष देनार हाय. चार दिवस पाठ करतोय पोरगा." सत्यशीलानं डोळे दंडाला पुसले. "मेलेली मानसं परत आली आपली, दीना. सुतक असल्यासारखं का बसलाय तो?"

दीना काय सांगणार? सुतकच होतं ते, पण कुणाचं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

शलमोन अकरा वर्षं सुदानमध्ये, खार्टूमला होता. पिठाच्या एका मोठ्या गिरणीत फिटर. दोन वर्षांपूर्वी सत्यशीलानं गळ घातली म्हणून भाच्यालाही, जॉयलाही, त्यानं तिथंच चिकटवलं. एप्रिलच्या मध्यावर एका शनिवारी सकाळी देशातल्याच दोन फौजांमध्ये शहरात गोळीबार सुरू झाला, आणि मामा-भाचे गिरणीमागच्या गल्लीत, भाड्याच्या घरात दहा दिवस अडकून पडले. मग बस, मग बंदर, मग जहाज, मग विमान. मुंबईला उतरले तेव्हा दोघांचे मिळून पंधरा किलो कमी झालेले. त्याला आता महिना होत आला होता.

तेवढ्यात रेंजवर बार झाला.

नगरमध्ये लष्कराच्या सरावाचे बार कुणी मोजत नाही. खिडकीची तावदानं जरा थरथरतात, बोलणारा माणूस वाक्य न तोडता बोलत राहतो. सत्यशीलाची विळीही थांबली नाही. पण दीना हातातलं पातेलं तसंच टाकून आत धावली.

शलमोन खोलीत नव्हता. दोन खोल्यांच्या मधल्या बोळात, जिथं एकही खिडकी नाही, तिथं तो फरशीवर पालथा पडला होता. गाल फरशीला, दोन्ही हात मानेवर.

"अहो, सराव आहे. रोजचाच."

"माहीत आहे."

"मग उठा."

"खाली बस तू आधी. खिडकीच्या रेषेत उभी आहेस."

दीना बसली. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. या माणसाला तिनं दमलेला पाहिला होता, चिडलेला पाहिला होता, बापूंच्या शवपेटीपुढं रडताना पाहिला होता. असा, फरशीला कान लावून ऐकणारा, कधी पाहिला नव्हता.

"पाळकसाहेबांना सांग, माझं नाव घेऊन उपकार मानू नका."

"कसं सांगू? सगळे तेवढ्यासाठीच येताहेत."

"मग मी येत नाही बाहेर."

आठ दिवसांपूर्वी भिंगारच्या भाजीबाजारात, गवार निवडता निवडता, त्यानं तिला ते सांगितलं होतं. पाचव्या दिवशी भर दुपारी कुणीतरी दार वाजवलं. हातानं नाही, मुठीनं. आणि हाक मारली, 'या सुलेमान! इफ्तह!' तिकडं शलमोनला सगळे सुलेमानच म्हणायचे. 'या' म्हणजे अरे, इफ्तह म्हणजे उघड. आवाज इतका बसलेला होता की बाईचा की पुरुषाचा, कळलं नाही. पण तो आत आहे हे फक्त शेजारच्या घराला ठाऊक होतं. हाजा, म्हणजे हजला जाऊन आलेली, नफीसा आणि तिचा लेक यासिर. तिनंच भिंतीवरून तीन दिवस भाकरी टाकली होती. तिच्या फाटकाबाहेर येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी रांजण भरलेला असायचा. गोळी लागून यांची गच्चीवरची टाकी फुटली, तेव्हा त्याच रांजणातलं पाणी तिनं यांना दिलं.

"आणि मी दार उघडलं नाही," असं म्हणून त्यानं गवारीची पिशवी तिच्या हातात दिली होती.

आज बोळात तिच्या शेजारी पडून तो तेच म्हणाला. "यासिर असेल. तोच असेल. आणि मी उघडलं नाही. आता तुम्ही माझ्या जिवासाठी गाणी म्हणणार."

"जॉय म्हणतो, नाव घेतलंच नव्हतं कुणी. नुसतं दार वाजलं. बंदूकवाले असतील म्हणतो."

"असतील," शलमोन म्हणाला. "तेही असतील. दीना, तिथं कोण कुणाचं ते कळत नव्हतं गं. दोन्हीकडं तीच भाषा, तोच नमाज. एका घरात सकाळी एकाचे लोक, संध्याकाळी दुसऱ्याचे. मला आता माझंच खरं वाटेनासं झालंय. पण नाव ऐकलं मी."

दीनानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. गेल्या रविवारी आपण काय केलंय, हे तिनं त्याला अजून सांगितलं नव्हतं.

*

आराधना गच्चीवर गेली तेव्हा जॉय कापडी मांडवाच्या दोऱ्या आवळत होता. ती शलमोनची मुलगी, सावेडीला शाळेत शिकवते. जॉय तिच्याहून तीन वर्षांनी लहान. सुट्टीत दोघं एकाच ताटात जेवलेले. त्यामुळं तो खोटं बोलताना उजवा पाय हलवतो, हे तिला माहीत होतं.

"साक्ष झाली पाठ?"

"झाली." त्यानं गाठ मारली. "आज नागापूरचे काका येणारेत. त्यांच्या वर्कशॉपमध्ये जागा आहे म्हणे. आई म्हणाली, नीट बोल."

"काय बोलणारेस?"

"हेच. देवानं दाराबाहेर पहारा ठेवला. अकरा घरांत शिरले ते, आमच्यात नाही."

आराधना कठड्याला टेकली. सुरुवातीला ती आत्याच्याच बाजूची होती. लोकांनी पप्पांना जवळ घ्यावं, टाळ्या वाजवाव्यात, म्हणजे ते बरे होतील, असं तिला वाटे. मम्मी उगाच प्रार्थना पुढं ढकलतेय असंही ती बोलून गेली होती. पण गेल्या रविवारी मम्मीनं तिला बाजारातली हकीकत सांगितली आणि तिच्यापुढं पप्पांचा फोन धरला.

"जॉय, खरं सांग. नाव घेतलं होतं का?"

"किती वेळा सांगू? नाही." त्याचा उजवा पाय हलत होता. "तुला तिथलं काय कळणार? तिसऱ्या दिवशी काय झालं माहितीये? कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दारात त्याच्या भावालाच उभं केलं त्यांनी. मागून बंदूक. भावानं हाक मारली, शिंप्यानं उघडलं. मग आतून जे आवाज आले ते आम्ही भिंतीला टेकून ऐकले. त्यानंतर कोण उघडेल गं दार? तू उघडशील?"

"मला माहीत नाही."

"मग?"

त्यानं दोरी पुन्हा ओढली. तेव्हा तिला त्याच्या उजव्या तळव्यावरचा व्रण दिसला, अंगठ्याखाली, अर्ध्या चंद्रासारखा. आत्याला त्यानं पत्रा लागला म्हणून सांगितलं होतं. पत्र्याची रेघ अशी तुटक उमटत नाही.

"मी माझ्या फोनवरून नफीसाबाईंना मेसेज टाकलाय," आराधना म्हणाली. "मम्मीनं सांगितलं म्हणून. फोनवरच अरबी करून. पप्पा सुखरूप आहेत, तुम्ही कशा आहात, पाचव्या दिवशी दुपारी तुमच्यापैकी कुणी दार वाजवलं होतं का, असं विचारलंय. सहा दिवस तो गेलाच नव्हता. आज सकाळी पोचला."

जॉयच्या हातातून दोरी सुटली आणि मांडवाची एक बाजू खाली लोंबली.

"कशाला केलंस हे? कुणी सांगितलं तुला मध्ये पडायला?"

"पप्पा रोज बोळात झोपतात, जॉय."

"झोपू दे! झोपतात तरी. जिवंत आहेत तरी." तो ओरडलाच, मग एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "उत्तर आलं तर मला आधी दाखव. मामांना नको. ऐक माझं."

तिनं सुटलेली दोरी उचलून त्याच्या हातात दिली.

*

चार वाजता गच्ची भरली. सलाम सलाम करत माणसं आली, चपलांचा ढीग जिन्यात पडला. नागापूरचे काका पहिल्या रांगेत बसले. सत्यशीलानं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. पाळकसाहेब आल्यावर तिनं स्वतः खाली जाऊन भावाला दंडाला धरून आणलं. दीनाला ढकलून तिनं खोलीचं दार उघडलं आणि एवढंच म्हणाली, "शलमोन, माझ्या लेकासाठी ये. तुझ्यासाठी नको येऊ." तो शर्ट बदलून आला, पण बसला जिन्याच्या तोंडाशी, भिंतीला पाठ लावून.

एक गीत झालं. एक स्तोत्र वाचून झालं. पाळकसाहेब म्हणाले, "आता आपला जॉय आपल्याला साक्ष देईल," आणि जॉय उभा राहिला.

सत्यशीलाला वाटलं, पोरगा खंगलाय, पण उभा कसा छान राहिलाय. बाप गेला तेव्हा हा चौथीत होता. दवाखान्यात आयाचं काम करून वाढवला. मीच पाठवलं त्याला तिकडं, मीच भावाच्या मागं लागले, आणि देवानं मला जाब न विचारता परत दिला. आज हे सगळ्यांनी ऐकलं की संपलं.

"सगळ्यांना सलाम," जॉय म्हणाला. "पाचव्या दिवशी दुपारी आम्ही मामाच्या घरात… म्हणजे आमच्या घरात…" तो थांबला. "परमेश्वरानं आमच्या दारापुढं पहारा ठेवला."

पाठ केलेलं पुढचं वाक्य आलं नाही. त्याच वेळी आराधनाच्या मांडीवरचा फोन दोनदा थरथरला. तिनं पाहिलं आणि वर आईकडं पाहिलं. दीनाला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"काय आहे?" शलमोननं जिन्यापासून विचारलं.

"पप्पा, नफीसाबाईंचा आवाजी निरोप आलाय. मी विचारलं होतं त्यांना. पाचव्या दिवसाचं."

"नंतर ऐकू," जॉय म्हणाला. "साक्ष होऊ दे."

"व्हय, नंतर," सत्यशीला म्हणाली. "परारथना मोडू नका. कोन कुठली बाई!"

"आता ऐकायचं," दीना म्हणाली. आवाज चढवलेला नव्हता, पण ती उभी राहिली होती. "अक्का, ते महिनाभर याच उत्तराला भीत बसलेत. मी मागवलंय ते. इथंच लावा. पाळकसाहेब, माफ करा."

पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं.

शलमोननं फोन हातात घेतला. बटण आराधनानंच दाबलं. गच्चीवर एका थकलेल्या बाईचा आवाज पसरला. मागं कुठंतरी गाड्यांचे भोंगे वाजत होते. शलमोन दोन वाक्यं ऐके, थांबवे आणि डोळे मिटून मराठीत सांगे.

"म्हणतात, सुलेमान, अल्लाचे उपकार, तू आईच्या मातीत पोचलास." मग पुढं. "मी कैरोत आहे. यासिर माझ्याजवळ आहे. पाय दुखावलाय, पण चालतो."

दीनाच्या तोंडून हुंदका फुटला.

"तुझ्या लेकीनं विचारलंय, पाचव्या दिवशी दार वाजवलं का. आम्ही नव्हतो. आम्ही चौथ्या दिवशी पहाटेच मागच्या भिंतीवरून निघालो."

"ऐकलंत?" सत्यशीला उभी राहून हात वर करून ओरडली. "न्हवते ते! कोनीच न्हवतं! पाळकसाहेब, ऐकलं ना? माझं पोरगं खरं बोलत हुतं!"

सगळी गच्ची एकदम सुटली. कुणी हालेलूया म्हटलं, कुणी टाळ्या वाजवल्या, मागच्या रांगेतून गीताची पहिली ओळ उठली आणि चार-पाच जणांनी ती उचलली. नागापूरच्या काकांनी जॉयच्या पाठीवर थाप मारली. जॉय मटकन खाली बसला.

शलमोन काहीतरी म्हणत होता. त्याचे ओठ हलताना फक्त दीनाला दिसले.

"थांबा," ती म्हणाली. "अहो, थांबा सगळे! अजून आहे म्हणतात ते."

गाणं अर्ध्या ओळीवर विझलं.

शलमोननं बटण दाबलं. या वेळी तो न थांबवता शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग त्यानं सांगितलं, एकेक शब्द ठेवल्यासारखा.

"म्हणतात, निघताना तुला हाक मारली नाही, माफ कर. कोपऱ्यावर ते लोक होते, हाकेवरून घर कळलं असतं. पण मागच्या गल्लीत ज्यांना निघणं झालं नाही, म्हातारी माणसं, एकट्या बाया, त्यांना मी सांगून आले. म्हटलं, अगदीच वेळ आली तर सुलेमानचं दार वाजवा. परका आहे, पण तो उघडेल." त्यानं श्वास घेतला. "आता तिकडचं कुणी फोन उचलत नाही. सुलेमान, तुझ्याकडं कोण आलं होतं?"

कुणाला काय वाटावं तेच कळेना. आत्ता तर आनंद झाला होता, त्याचं काय करायचं?

"कोनी का आसंना," सत्यशीला हळूच म्हणाली. "नाव घेतलंच न्हवतं ना पर. जॉय? न्हवतं ना?"

"घेतलं होतं, आई."

तिनं त्याच्याकडं पाहिलं.

"दोनदा घेतलं. मी ऐकलं. मामा उठले होते, कडीला हात लावला होता त्यांनी. मीच त्यांना ओढून खाली पाडलं. छातीवर बसलो आणि तोंड दाबून धरलं." त्यानं तळवा वर केला, दाखवायला नव्हे, स्वतः बघायला. "मला वाटलं, शिंप्यासारखं होईल. शप्पथ, आई, तसंच वाटलं. आणि मामा मामीला सांगताहेत, मी उघडलं नाही, मी उघडलं नाही. मी गप्प बसलो."

"त्याच्यामागं बंदूक असेल," आराधना म्हणाली. तिला त्याला काहीतरी द्यायचं होतं. "असू शकेल ना?"

"असू शकेल. नसूही शकेल. दहाव्या दिवशी दार उघडलं तेव्हा बाहेर काहीच नव्हतं. रक्त नाही, चप्पल नाही, काही नाही."

शलमोन भिंतीला धरून उठला आणि माणसांतून वाट काढत भाच्यापाशी येऊन बसला.

"तू अर्धंच सांगितलंस," तो म्हणाला. "मी तुला चावलो. तू हात काढून घेतलास, बाजूला पडलास. तेव्हा बाहेर अजून दार वाजत होतं. मला कुणी धरलेलं नव्हतं. मी उठलो नाही."

"नाही मामा. तोवर थांबलं होतं."

"वाजत होतं."

"नव्हतं! मी कान देऊन होतो. गेलं होतं ते."

"जॉय, मी पडल्या पडल्या मोजलं. चार वेळा वाजलं."

"मामा, ती कुठली तरी गोळी असेल. तुम्हाला वाटलं असेल."

दोघं एकमेकांकडं पाहत राहिले, एकाच बोळात एकाच फरशीवर पडलेले दोघं. दोघांनाही अपराध आपल्याकडं ओढून घ्यायचा होता. चाळीस माणसांत त्याचा निवाडा करू शकेल असं कुणी नव्हतं. पाळकसाहेब चष्मा काढून पुसू लागले. नागापूरचे काका आपल्या बोटांकडं पाहत होते.

दीना पुढं आली आणि दोघांच्यामध्ये बसली.

"त्या बाईंनी प्रश्न विचारलाय," ती म्हणाली. "त्यांना आपण उत्तर द्यायचं आहे. आपसांत नंतर बघा. ज्याला जसं आठवतंय तसं सांगा. दोघंही."

शलमोन आधी बोलला. त्याचं अरबी सरळ होतं, गिरणीतलं. गच्चीवर कुणाला काही कळलं नाही, फक्त मध्ये एकदा 'सुलेमान' ऐकू आलं. मग त्यानं फोन जॉयकडं दिला. जॉयचं अरबी मोडकं. तो अडखळला, शब्दासाठी मामाकडं पाहिलं, मामानं हळूच शब्द सांगितला, त्यानं तो म्हटला. शेवटी तो रडू लागला आणि रडणंही त्या निरोपात गेलं.

"काय सांगितलंस?" सत्यशीलानं विचारलं.

शलमोननं उत्तर दिलं. "म्हणाला, कुणीतरी आलं होतं. आम्ही उघडलं नाही."

"मी 'आम्ही' नाही म्हटलं, मामा."

"मला तसंच ऐकू आलं."

सत्यशीला उभीच होती. पोराच्या साक्षीसाठी तिनं ओळखीपाळखीची सगळी माणसं गोळा केली होती. आता ती सगळी तिच्याकडं बघत होती. खाली रश्श्याचा वास सुटला होता आणि जेवण वाढायचं की नाही, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं. पाळकसाहेबांनी तोंड उघडलं, पण तयार करून आणलेल्या कागदावर आजच्या दिवसाचं काही नव्हतं. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला.

मग सत्यशीलानंच पदर डोक्यावरून घेतला. आयुष्यभर ती प्रार्थनेला मागच्या रांगेत बसलेली. चारचौघांत तोंड उघडून प्रार्थना तिनं कधी केली नव्हती. तिनं डोळे मिटले, तसे सगळ्यांनी मिटले.

"देवा बापा," ती म्हणाली. "आमच्या दारात कोन आलं हुतं ते तुला ठावं. आमाला न्हाई. बाई हुती का बापई, म्हातारं हुतं का लेकरू, ते बी आमाला ठावं न्हाई. माझी दोन मानसं आत हुती. मी त्यांच्यासाठीच मागत हुते. रोज मागत हुते. तवा दुसरं कोनी बाहेर उभं आसंल, हे माझ्या ध्यानातबी आलं न्हाई."

ती थांबली. पुढं काय मागायचं, ते तिला सुचेना. मिटल्या डोळ्यांनी सगळी गच्ची तिच्या पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिली, आणि आमेन म्हणायला कुणाचीच जीभ रेटली नाही.